लुंडेगोरच्या चित्रातली पाठमोरी बाई

ते चित्र आता राजधानीतल्या कुठल्याशा मोठ्या संग्रहालयात टांगलंय, आणि लोक त्याच्यासमोर उभे राहून म्हणतात, काय शांतता आहे. गेल्या उन्हाळ्यात एक चष्मेवाली बाई मुद्दाम बोटीनं आमच्या हेस्टनेसला आली. माझ्या स्वयंपाकघरात बसली, माझी कॉफी प्याली आणि मला विचारते, "खिडकीशी बसलेल्या त्या स्त्रीच्या पाठीत जी तृप्ती दिसते, ती तुम्हाला त्या वेळी जाणवत होती का?" मी म्हटलं, बाई, त्या स्त्रीच्या पाठीला मुंग्या आल्या होत्या आणि तोंड बंद ठेवायला लावल्यामुळं तिचा जीव जायची वेळ आली होती. ती हसली. तिला वाटलं मी गंमत करतेय.

चित्रात दोघं आहेत. खुर्चीतला म्हातारा तो माझा नवरा तोबियास. खिडकीशी पाठमोरी बसलेली ती मी, आंद्रिने. आणि काढणारा सेव्हेरिन लुंडेगोर. या माणसानं तरुणपणी अशी चित्रं काढली होती म्हणे की प्रदर्शनातून बायका उठून बाहेर जायच्या. त्यातलं एक मी वर्तमानपत्रात पाहिलं होतं. आभाळ उतू चाललेलं, आणि खाली सगळ्यांचे चेहरे पोटात कळ आल्यासारखे. मग म्हातारपणी त्याच्या मनात काय आलं कोण जाणे, राजधानी सोडून तो आमच्या धक्क्यावरच्या जुन्या मिठाच्या वखारीत येऊन राहिला आणि शांत चित्रं काढायला लागला. टेबल. टेबलावर किटली. खुर्चीत माणूस. चित्रं शांत म्हणून माणूस शांत असेल असं समजू नका. दोन्ही कानांनी ठार बहिरा झाला होता, आणि बहिरा असल्यामुळं बोलायचा ते ओरडूनच. तो वखारीत जे बोलायचा ते धक्क्याच्या टोकाला मासे साफ करणाऱ्या बायकांना ऐकू जायचं. गावात सगळे त्याला रंगारी म्हणायचे. त्याला ऐकू येत नसल्यामुळं तोंडावरच म्हणायचे.

या रंगाऱ्यानं एके दिवशी धक्क्यावर माझ्या नवऱ्याला पाहिलं आणि त्याला पकडून नेलं.

आता तोबियासचं सांगते. जन्मभर तो जहाजांचा वाटाड्या होता. बाहेरून येणारी मोठमोठी जहाजं खडकांमधून बंदरात आणून सोडायची, हे त्याचं काम. घरी आला तरी हा माणूस कधी बसला नाही. कॉफी उभ्यानं, खिडकीशी, साखरेचा खडा दातात धरून. जेवताना बसायचा, पण असा की आत्ता कुणी हाक मारली तर पळता यावं. मी चाळीस वर्षं सांगतेय, बस रे बाबा घडीभर, दोन शब्द बोल. तर त्याचं उत्तर ठरलेलं, "हं." आणि हाच माणूस त्या रंगाऱ्याकडं जाऊन रोज सकाळी खुर्चीत बसायला लागला. अख्खी सकाळ! हात मांडीवर ठेवून! मला हे कळलं तेव्हा मी हातातली कढई खाली ठेवली आणि म्हटलं, बरं आहे, घरातल्या खुर्च्यांना काटे होते वाटतं.

तरी मी साथ दिली हो. माझ्या नवऱ्याचं चित्र निघणार म्हणजे नीट निघायला नको का? मी त्याचा प्रार्थनाघरात घालायचा काळा कोट काढून दिला. रंगाऱ्यानं कोट परत पाठवला. म्हणे तो निळा स्वेटर हवा, रोजचा, कोपरावर भोक पडलेला. ठीक आहे म्हटलं. स्वेटर धुतला, वाळवला, आणि भोक पडलेला स्वेटर घालून माझा नवरा जगासमोर कसा बसेल म्हणून तसल्याच निळ्या लोकरीनं कोपर इतकं बेमालूम विणून दिलं की कुठं जोडलंय ते मलाही सापडेना. दुसऱ्या दिवशी धक्क्यावरून आरडाओरडा ऐकू आला. "माझं भोक कुठं आहे?" रंगारी ओरडत होता. "मला माझं भोक परत पाहिजे!" मासे साफ करणाऱ्या बायका हसून हसून आडव्या झाल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी निरोप पाठवला की माझ्या घरात भोकं बुजवतात, पाडत नाहीत. शेवटी त्या दोघांनी मिळून ती वीण सुरीनं उसवली. तोबियास घरी आला तो कोपर लपवत आला.

इथपर्यंत मी चिडले होते, पण ती रोजची चीड होती. खरी चीड पुढं आली, आणि ती का आली हे सांगायचं तर तोराल्फचं सांगावं लागेल.

तोराल्फ आमचा मुलगा. एकुलता एक. विशीत होता. सोळा वर्षं झाली होती त्याला जाऊन. एका सकाळी बाप आणि लेक आमच्या शिडाच्या छोट्या होडीतून बांगड्याची जाळी ओढायला गेले, आणि बाप एकटा परत आला. तोराल्फ दुसऱ्या दिवशी सापडला. आम्ही त्याला चर्चमागं पुरला. त्या होडीत काय झालं, हे तोबियासनं मला तीन वाक्यांत सांगितलं. वारा फिरला. शिडाचा आडवा वासा फिरला. पोरगा पाण्यात गेला. पोलिसांनाही हेच सांगितलं, पाद्रीबुवांनाही हेच. सोळा वर्षांत चौथं वाक्य नाही.

आणि माझं म्हणणं असं की चौथं वाक्य होतं. तोराल्फ चालायच्या आधीपासून होडीत बसलेला पोरगा. वासा फिरणार म्हटल्यावर मान खाली घालायची हे त्याला झोपेतही कळायचं. मग त्या दिवशी तो काय करत होता? कुठं बघत होता? शेवटचं काय बोलला? कुणाला हाक मारली? मी आई आहे, मला एवढं विचारायचा हक्क नाही? मी गोडीत विचारलं, रागानं विचारलं, रडून विचारलं, एकदा तर त्याच्या अंगावर बटाट्यांचं भांडं उपडं केलं. तो बटाटे उचलत बसला. सोळा वर्षं मी एका अशा माणसाशेजारी झोपत होते ज्याच्याजवळ माझ्या मुलाची शेवटची पाच मिनिटं होती आणि तो मला ती देत नव्हता. हे ज्याच्यावर बेतलंय त्यालाच कळेल.

तर त्या वसंतात लोविसे माझ्याकडं आली. लोविसे म्हणजे शेजारीण, रंगाऱ्याच्या वखारीत फरशी पुसायला जायची. आली, बसली, कॉफी बशीत ओतली आणि म्हणाली, "आंद्रिने, तुझा तोबियास एवढा बोलका असेल असं वाटलं नव्हतं हं."

मी म्हटलं, कुणाचा तोबियास?

तिनं सांगितलं ते असं. दाराबाहेर बादली घेऊन उभी राहिलं की आतून त्याचा आवाज येत राहतो. हळू, पण सारखा, ओढ्यासारखा. ती आत गेली की बंद. ती बाहेर आली की थोड्या वेळानं परत चालू. काय बोलतो ते नीट कळत नाही, पण एक नाव तिनं ऐकलंय, आणि ते एकदा नाही, पुष्कळदा.

"कुठलं नाव?" मी विचारलं, पण मला ते माहीत होतं.

लोविसे बशीत बघत म्हणाली, "तोराल्फ."

मी काय बोलले ते आठवत नाही. ती गेली एवढं आठवतं, आणि मी मग तिच्या बशीसकट सगळी भांडी परत घासली हेही आठवतं. मला रडू आलं नाही. मला इतका संताप आला होता की रडायला जागाच नव्हती. परका माणूस! भोकाचा स्वेटर मागणारा! त्याच्यापाशी माझ्या लेकाचं नाव घ्यायचं, आणि मी विचारलं की तोंडात गुळणी!

रात्रीच्या जेवणाला मी त्याच्यापुढं उकडलेला मासा ठेवला आणि विचारलं, "रंगाऱ्याला काय सांगतोस तू?"

त्यानं काटा उचलला, खाली ठेवला. बटाटा ताटाच्या एका बाजूनं दुसऱ्या बाजूला नेला. कान लाल झाले होते त्याचे. मग उठून भिंतीवरचा वायुभारमापक बघायला गेला, जणू रात्री कुठलं जहाज आणायचं होतं. मी म्हटलं, तोबियास, जहाजं गेली, मी इथं आहे. तो म्हणाला, "पारा उतरतोय."

सकाळी मी त्याच्या आधी उठले आणि रंगाऱ्याकडं गेले. लाज नाही, लपवणं नाही, सरळ दार ढकलून आत. लुंडेगोर ब्रश पुसत होता. मी ओरडले, मग ओरडून उपयोग नाही हे आठवलं आणि त्याचाच कोळसा उचलून कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं की माझा नवरा तुम्हाला काय सांगतो ते मला आत्ताच्या आत्ता कळलं पाहिजे. तो दचकला. मग म्हणाला, म्हणजे ओरडला, "सांगतो? तो बोलतो का? हो, तोंड हलतं खरं. हलू दे. तोंड हललं की चेहरा जिवंत राहतो. काय बोलतो ते मला काय माहीत? मला माझ्या स्वतःच्या शिंका ऐकू येत नाहीत!"

मी तिथल्या एका खोक्यावर बसले. माझा नवरा एका बहिऱ्याला सगळं सांगत होता. बहिरा आहे म्हणूनच सांगत होता. आणि मी, जिला दोन धडधाकट कान आहेत आणि सोळा वर्षांची वाट बघणं आहे, ती घरी मासे उकडत होते. यावर हसावं की कुणाला तरी मारावं, मला कळेना.

तिथं बसल्याबसल्या मी ते चित्र पाहिलं. मला काही ते धड वाटलं नाही. एक कान काढलेलाच नव्हता. भिंत हिरवट, जमीन तिरकी. पण खुर्चीत बसलेला तो तोबियासच होता, आणि तो कुठं पळणार नव्हता. माझ्या घरात मी त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. त्याचाही मला राग आला.

लुंडेगोर माझ्याकडं बघत होता. माणसाकडं बघतात तसं नाही, बाजारात कपाट बघतात तसं. मग म्हणाला, चित्र एका बाजूला कलतंय. खिडकीपाशी जागा रिकामी पडलीय. तिथं काहीतरी जड पाहिजे. मी जड आहे असं मला माझ्या सासूनंही कधी म्हटलं नव्हतं. तो पुढं म्हणाला, "तुम्ही बसा. पण पाठ करून. तोंड मला नकोय तुमचं. खिडकीबाहेर बघायचं, मान वळवायची नाही, एक शब्द बोलायचा नाही. तुम्ही बोललात की खांदे उडतात, आत्ता पाहिलं मी. हललात तर घरी जायचं."

मी त्याला चार गोष्टी ऐकवणार होते. तोंड उघडलंही होतं. आणि मग डोक्यात आलं की तोबियास याच खोलीत बोलतो, आणि मी याच खोलीत बसणार आहे. मी तोंड मिटलं. गावात कुणी विश्वास ठेवला नसता, पण मिटलं.

थोड्या वेळानं तोबियास आला, दारात माझी पाठ पाहिली आणि तिथंच थबकला. मला ते दिसलं नाही, मी मान वळवली नव्हती, पण त्याची पावलं मी ओळखते. ती मागं वळली. तेवढ्यात लुंडेगोर गरजला, "बसा! उजेड चाललाय!" आणि जन्मभर कप्तानांची गुरगुर ऐकलेला माझा नवरा मुकाट्यानं येऊन खुर्चीत बसला.

त्या दिवशी तो एक अक्षर बोलला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. मी खिडकीबाहेर बघत बसायची. बाहेर काय होतं? खाडी, तिच्यात दोन होड्या, वाळत टाकलेली जाळी, आणि लोविसेची शेळी, जी माझ्या कोबीत शिरत होती आणि मला हाड म्हणायची परवानगी नव्हती. नाकावर माशी बसली तर तीही सोसायची. मानेत ताठा भरला. आणि मागं तो, तीन पावलांवर, श्वास घेतोय तेही मला ऐकू येतंय, आणि बोलत नाही. मी तिथं बसल्यामुळंच बोलत नव्हता. लोविसेनं सांगितलं, तू जायला लागल्यापासून आतून काही आवाज नाही बाई. म्हणजे होतं नव्हतं तेही मी घालवलं. त्या खोलीत मी इतक्या वेळा मनातल्या मनात किंचाळले की माझी पाठ अजून कशी फुटली नाही याचं मला नवल वाटतं. हीच ती निवांत तृप्ती.

मग एके सकाळी लुंडेगोरनं ब्रश फेकला. भिंतीवर आपटल्याचा आवाज आला. तो ओरडायला लागला की चेहरा मेलाय, पार मेलाय, आधी होता तो गेला, हे लाकूड आहे, आणि हे सगळं या बाईमुळं. उद्याचा एक दिवस बघतो, म्हणाला, उद्या असंच राहिलं तर बाई घरी जाईल आणि खिडकीशी मी पिंप ठेवीन. हे तोबियासनं ऐकलं, मी ऐकलं आणि मासे साफ करणाऱ्या बायकांनीही ऐकलं.

घरी येताना आम्ही दोघं धक्क्यावरून चाललो. मी पिंपाचा राग गिळत होते. घरी पोचल्यावर तो सवयीनं पाऱ्याकडं निघाला, तेव्हा मी त्याला दारातच अडवलं. एरवी मी अशा वेळी पुष्कळ बोलले असते. त्या दिवशी थोडंच बोलले.

"तोबियास," मी म्हटलं, "उद्या मी परत तुझ्याकडं पाठ करून बसणार आहे. त्याला ऐकू येत नाही. आणि मला बोलायची बंदी आहे. यापेक्षा सोपं तुला कुणी करून देणार नाही."

तो मला वळसा घालून पाऱ्याशी गेला. काचेवर बोटानं टकटक केलं. मी निजायला गेले.

दुसऱ्या दिवशी पाऊस होता, बारीक, खाडी दिसेनाशी झाली होती. मी बसले. तो बसला. लुंडेगोर कुरकुरत रंग कालवायला लागला. बराच वेळ गेला. मी काचेवरचे थेंब बघत होते आणि मनाशी म्हणत होते, झालं, आंद्रिने, आता तुझ्या जागी पिंप येणार.

"तो उभा होता," तोबियास म्हणाला.

इतक्या हळू की मला वाटलं माझ्याच डोक्यात आवाज झाला. मी मान धरून ठेवली.

"फळीवर उभा होता. उभं राहायचं नसतं, त्याला माहीत होतं. पण त्याला करून दाखवायचं होतं." मग थांबला. लुंडेगोरचा ब्रश कापडावर घासत होता. "तुझी नक्कल करत होता."

माझे हात मांडीवर होते. मी ते एकमेकांत घट्ट धरले.

तो बोलत राहिला, आणि लोविसेनं म्हटलं होतं तसाच, थांबत नव्हता. म्हणाला, सकाळी निघताना तू धक्क्यावर आली होतीस. टोपी विसरला म्हणून ओरडत आली होतीस. खाडीच्या तोंडाशी पोचेपर्यंत तोराल्फ गप्प होता, मग म्हणाला, बाबा, आता बघा, आणि फळीवर चढला. कमरेवर हात ठेवले. हनुवटी पुढं काढली. आणि तुझ्या आवाजात सुरू झाला. मी हसायला लागलो, आंद्रिने. तुला माहीत आहे मी हसत नाही. मी इतका हसलो की डोळ्यांतून पाणी आलं. सुकाणू सोडलं आणि दोन्ही हातांनी डोळे पुसले. तेवढ्यात वारा फिरला. मी आख्खी जहाजं आणलीत त्या खडकांतून, रात्री, धुक्यात, आणि त्या दिवशी उन्हात माझ्या हातात सुकाणू नव्हतं. वासा आला तो मला दिसला नाही, कारण माझ्या डोळ्यांवर हात होते. त्याला दिसला नाही, कारण तो माझ्याकडं बघत होता, मी किती हसतोय ते.

मग तो म्हणाला, "तू विचारायचीस, तो काय करत होता. मी काय सांगायला हवं होतं? तुझी नक्कल करता करता गेला? तू त्यानंतर कुणावर कधी ओरडली असतीस का? घरात आधीच एकाचा आवाज गेला होता. दुसराही मीच घालवायचा?"

माझ्या डोळ्यांपुढची खिडकी गेली, काचेवरचे थेंब गेले. खांदे हलायला लागले ते मला थांबवता येईनात. मागून लुंडेगोर ओरडला, "हलू नका! बाई, हलू नका! आलाय, चेहरा परत आलाय, देवाशपथ कुणी हलू नका!" हा मनुष्य! मी तशीच बसले. ओघळलेलं पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलं, ते पुसलं नाही. सोळा वर्षं मला वाटत होतं की तो भिऊन गेला असेल. थंड पाण्यात, एकटा, मला हाका मारत. आणि तो फळीवर उभा राहून बापाला हसवत होता. टोपीवरून! मी टोपी घेऊन धावले होते हे मी विसरूनसुद्धा गेले होते.

तोबियास आता गप्प झाला होता. त्याला वाटत असणार की मी उठून जाईन, किंवा वळून त्याच्या अंगावर येईन. मला काय वाटत होतं ते माझं मलाच कळत नव्हतं. पण एक गोष्ट मला विचारायची होती, आणि बंदी असो नाहीतर नसो, मी विचारली.

"तोबियास, कशी करत होता? जमली होती का त्याला?"

लुंडेगोर मागं काहीतरी पुटपुटला. तोबियासच्या खुर्चीचं लाकूड वाजलं.

"हुबेहूब," तो म्हणाला.

"करून दाखव."

"मला नाही येत, आंद्रिने."

"मी तुला बघत नाहीये. कर."

बाहेर पाऊस चालला होता. मग माझा तो लाकडासारखा नवरा खाकरला, आणि पातळ, चिरक्या, चिडलेल्या आवाजात म्हणाला, "तोराल्फ! टोपी! कानावरून नीट ओढ, नाहीतर कानांचे दगड होतील आणि मग बापासारखा काही ऐकणार नाहीस तू! तोराल्फ!"

माझाच आवाज होता तो. माझा, आणि माझ्या पोरानं केलेला, आणि या म्हाताऱ्यानं सोळा वर्षं कुठंतरी जपून ठेवलेला, एका शब्दाचीही चूक न करता. लुंडेगोर ओरडत होता की बस, असंच, असंच बसा. मी मान वळवली नाही. खिडकीकडं तोंड करून बसल्याबसल्या मी त्याला म्हटलं, "अजून एकदा."